चिंचेच्या पाण्यात धुतलेली अकरा नाणी

भाऊजी,

तुमचं तेरावं होऊन आठ दिवस झाले. तिथल्या मराठी मंडळाच्या अंकात तुमच्यावर दोन पानं द्या म्हणून हॅलिफॅक्सहून फोन आला. मी म्हटलं, मी चौथी पास, माझ्या सुनंदाला सांगा, ती लिहील. तर म्हणाले, नाही काकू, सरांना लहानाचं मोठं तुम्ही केलंत, तुम्हीच लिहा. म्हणून बसले आहे लेकीच्या घरी ओकव्हिलला, किचनमधल्या टेबलाशी. सुनंदा सकाळच्या गो ट्रेनने, म्हणजे इकडच्या लोकलने, कामावर गेली. घरात कोणी नाही ते बरं आहे. तिच्या देखत हे लिहवलं नसतं.

शोकसभेत सगळे तुमच्याबद्दल चांगलं बोलले. मग एक जण उठून म्हणाले, "एवढा मोठा माणूस, पण शेवटी स्मरणशक्तीने दगा दिला. पुस्तक अर्धंच राहिलं." सगळ्यांनी माना हलवल्या. मी पहिल्या रांगेत बसले होते. माझीही मान हलली.

तुमची स्मरणशक्ती शेवटपर्यंत चांगली होती. ती गेली असं तुम्हाला वाटलं ते माझ्यामुळे. हे त्यांना सांगायचं राहिलं, आणि तुम्हाला सांगायचं तर त्याच्याही आधीपासून राहिलं आहे.

मी लग्न होऊन तुमच्या तांबटांच्या आळीत आले तेव्हा पंधरा वर्षांची होते आणि तुम्ही नऊ वर्षांचे. हाफ चड्डी, नाक वाहतंय. सासूबाई म्हणाल्या, दिराला भाऊजी म्हणायचं आणि अहोजाहो करायचं. मी म्हणायचे, "भाऊजी, नाक पुसा." सगळी आळी हसायची. तुम्ही मात्र मला अगं वहिनी म्हणायचात, आईला म्हणतात तसं. ते शेवटपर्यंत तसंच राहिलं. युनिव्हर्सिटीतल्या लोकांसमोर मी तुम्हाला अहो म्हणायचे आणि तुम्ही मला अगं, तर त्यांना वाटायचं तुम्हीच मोठे.

तुमचे दादा तांब्याची भांडी ठोकायचे, कल्हईही करायचे. दिवसभर ठोक्यांचा आवाज. तिशीतच त्यांचे कान गेले, मग छाती गेली. स्टीलची भांडी आली आणि कामही गेलं. मी मंगल कार्यालयात भांडी घासायला लागले. त्याचं रडगाणं गायचं नाही. भांडी सगळ्याच बायका घासतात, मी दुसऱ्यांची घासली एवढंच.

तुम्ही जन्मभर ज्याची गोष्ट सांगितलीत तो रुपया तिथलाच. मॅनेजरने मजुरी दिली, त्यात एक रुपया होता. घरी येऊन पाट्यावर वाजवून बघितला, तर बद्द वाजला. शिशाचा. दुसऱ्या दिवशी तुमची परीक्षेची फी भरायची होती. शेजारीण म्हणाली, "तिन्हीसांजेला त्या भाजीवाल्या म्हातारीला दे. तिला दिसत नाही." मी दिला नाही. तुम्ही दोन दिवस वर्गाबाहेर उभे राहिलात. तिसऱ्या दिवशी मी फीचे पैसे आणले तेव्हा तुम्ही विचारलंत, "वहिनी, तो दिला असतास तर कोणाला कळलं असतं?"

मी म्हटलं, "मला."

एवढंच बोलले मी. त्यात फार काही नव्हतं. मी दमले होते. पण तुम्ही ते जन्मभर धरून ठेवलंत. कॅनडाला निघालात तेव्हा तो खोटा रुपया मागून घेतलात. तुमच्या तिकिटासाठी मी घरातली सगळी तांब्याची भांडी मोडीत घातली होती, घंगाळ, हंडे, सगळं. त्याचं तुम्हाला वाईट वाटायचं. मला नाही वाटलं. कल्हई करायला माणूसच राहिला नव्हता, तर तांब्याचं करायचं काय.

पुढे तुम्ही हॅलिफॅक्सच्या युनिव्हर्सिटीत जुन्या पैशाचा इतिहास शिकवायला लागलात, सुनंदाला नर्सिंगला इकडे बोलावलंत, तिने मला आणलं. ती लग्न होऊन ओकव्हिलला गेली, मी तुमच्याकडे हॅलिफॅक्सलाच राहिले. तुम्ही लग्न केलं नव्हतं. फ्रिजमध्ये लोणचं आणि ब्रेड, एवढाच तुमचा संसार. मी स्वयंपाकघर हातात घेतलं आणि तुम्ही रोज संध्याकाळी तिथेच खुर्ची टाकून बसायला लागलात. मी पोळ्या लाटायचे, तुम्ही युरोपातल्या पैशाचं सांगायचात.

मला आधी वाटलं, हा माणूस इतकी वर्षं पैशावर वाचतो आणि स्वतःजवळ एक धड कोट नाही. पण तुम्ही सांगायचात छान. एक फ्रान्सचा पाद्री होता, त्याने राजाला लिहून कळवलं की बाबा, नाण्यावर तुझं तोंड असलं तरी नाणं तुझं नाही, वापरणाऱ्यांचं आहे, त्यात खोट घालायचा तुला हक्क नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं ज्याने सांगितलं, त्यानेही खोट्या नाण्यांवर लिहिलं होतं म्हणे. मी म्हटलं, "आकाशात बघायचं सोडून हा कुठे बाजारात आला?" तुम्ही म्हणालात, "त्यालाही भाजी आणायला लागत असेल." मग ते डच लोक. त्यांनी पेढी काढली. सगळी बरीवाईट नाणी तिथे तपासून घ्यायची, वहीत नाव लिहायचं, आणि पुढे नाणं न बघता नुसत्या वहीवर व्यवहार. मी विचारलं, "आणि वही लिहिणाऱ्याने खोटं लिहिलं तर?" तुम्ही इतके हसलात. म्हणालात, "वहिनी, हा प्रश्न त्यांना दीडदोनशे वर्षांनी पडला. तोवर पेढी आतून पोकळ झाली होती."

पण तुमचा जीव जर्मनीच्या नाण्यांत होता. चारशे वर्षांपूर्वी तिथे मोठी लढाई सुरू झाली. प्रत्येक छोट्या राजाला सैन्य पोसायचं होतं, म्हणून त्यांनी चांदीत तांबं घालायला सुरुवात केली. आधी थोडं, मग बरंच, शेवटी तांब्यालाच वरून चांदीचा हात. स्वतःच्या राज्यात खपेना तर शेजारच्या राज्यात नेऊन खपवायचं. तांबं कमी पडलं तेव्हा घराघरातली भांडी विकत घेऊन वितळवली. तेव्हा मी लाटणं थांबवून तुमच्याकडे बघितलं. तुम्हीही बघितलंत. दोघांनाही आपली आळी आठवली.

तुमच्या पुस्तकात तेच होतं. तुम्ही म्हणायचात, मोठमोठ्या पंडितांनी पैशावर ग्रंथ लिहिले ते नंतर. नाणं खोटं आहे हे पहिल्यांदा कळलं ते बाजारात बसणाऱ्या बायकांना. त्या सुरीच्या टोकाने नाण्याला ओरखडा काढून बघायच्या, खाली लाल दिसलं की परत द्यायच्या. त्यांना कोणी लिहायला शिकवलं नाही, म्हणून त्यांचं नाव कुठे नाही. "पण ओरखडे आहेत," तुम्ही म्हणायचात. "तेच त्यांचं लिखाण."

आपला एक वाद कधी मिटला नाही. खोटं नाणं हातात आलं आणि कळलं, तर पुढे सरकवणाऱ्याला पाप लागतं का? तुम्ही म्हणायचात, नाही, पाप पाडणाऱ्या राजाचं. गरिबाला तेच मिळालं, तेच तो देणार, त्याला पोट आहे. मी म्हणायचे, कळून दिलं की पाप देणाऱ्याचं. तुम्ही म्हणायचात, "वहिनी, तू फार कडक आहेस." आणि मला ते आवडायचं. माझ्या अंगावर दुसरा दागिना नव्हता, हा एक होता. पाहुणे आले की तुम्ही रुपयाची गोष्ट सांगायचात. वर्गातही सांगायचात. मी चहा घेऊन आले की लोक माझ्याकडे वळून बघायचे.

मग ती अकरा नाणी आली. तिकडे किनाऱ्यावरच्या गावात एल्सीबाई राहतात, तुम्हाला कुणाकडून तरी कळल्या होत्या. त्यांचे पूर्वज जर्मनीतून बोटीने आलेले. त्यांच्या घरात एका पिशवीत ती नाणी कितीतरी पिढ्या पडून होती. काळीकुट्ट, कोणी खर्चली नाहीत, कोणी घासली नाहीत. एल्सीबाईंनी विश्वासाने तुमच्या हातात दिली. तुम्ही भिंगातून बघायचात आणि लहान मुलासारखे हाका मारायचात, "वहिनी, ये, ओरखडा बघ." मला काळ्यावर काळं दिसायचं. मी म्हणायचे, दिसला.

त्याच दिवसांत तुम्ही माझ्या पातेल्यात प्रयोग मांडले होते. तुम्हाला वाचनात आलं होतं की टाकसाळीत ती नाणी पांढरी करायला दारूच्या पिंपाच्या तळाशी बसणारा आंबट खडा आणि मीठ घालून उकळायचे. वरचं तांबं खाल्लं जातं, चांदी तेवढी दिसते. मी सहज म्हटलं, आम्ही चिंच आणि मीठ लावतो. तुम्ही कुठलं तरी पुस्तक काढलंत आणि म्हणालात, "वहिनी, आंबटपणा एकच आहे. तुझी चिंच आणि त्यांचा खडा." मग तशाच मिश्र धातूचे तुकडे करून आणलेत, चिंचेत बुडवलेत, आणि कागदाच्या पाकिटांत घालून नाण्यांच्या पाकिटांशेजारी टेबलावर ठेवलेत. त्या दिवशी तुम्ही मला म्हणालात की पुस्तकात माझं नाव घालणार. मी म्हटलं, काहीतरीच.

पुढच्या आठवड्यात दिवाळी होती. तुम्ही व्याख्यानाला वॉटर्लूला गेला होतात, लक्ष्मीपूजनाला संध्याकाळपर्यंत येणार होतात. मी चौरंग मांडला. पूजेला नाणी लागतात. आपल्या घरी सासूबाई डब्यातली जुनी नाणी काढून चिंचेने लख्ख करायच्या, मग हळदकुंकू. मी इकडची नाणी, क्वार्टर आणि डॉलर, काढली आणि मनात आलं, घरात चारशे वर्षांची लक्ष्मी आली आहे आणि ती अशी काळी ठेवायची? भाऊजी येतील, बघतील, खूश होतील.

सिंकमध्ये वाडगा घेतला. चिंच, मीठ, आणि तारेची घासणी. हाताला सवय. पहिल्या नाण्याचं काळं सुटलं, खाली पांढरं चमकलं. मला बरं वाटलं. एकेक करत अकराही घासली. मग धुऊन पंचावर उलटी केली आणि बघितलं, तर राजाच्या नाकावर लाल. गालावर लाल. कडा गुळगुळीत. कल्हई उडालेलं भांडं मी आयुष्यभर बघितलं आहे, मला भिंग लागलं नाही. तेव्हाच कळलं, मी काय घासून टाकलं ते. वरची चांदी, आणि तिच्याबरोबर त्या बायकांचे ओरखडे.

मी नाणी पुसली, होती त्या पाकिटांत घातली, टेबलावर होती तशी ठेवली. क्वार्टरची पूजा केली. तुम्ही आलात, प्रसाद घेतलात, म्हणालात, "करंज्या झकास." दिव्यांकडे बघत बसलात. मला वाटलं, उद्या सांगू.

तुम्ही पाकिटं उघडलीत ती जानेवारीत. बाहेर बर्फ साचलं होतं, मी भाजी निवडत होते. तुम्ही किचनच्या दारात आलात. तळहातावर नाणी.

"वहिनी, तू ही नाणी धुतलीस का?"

मी मान वर केली नाही. "मी कशाला हात लावू तुमच्या टेबलाला?"

मला वाटलं होतं, तुम्ही पुन्हा विचाराल. पुन्हा विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला खूप वर्षं सांगितलं. पण तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही म्हणालात, "मग मीच. तुकड्यांऐवजी नाणी बुडवली असणार." आणि हळूच म्हणालात, "पण मला काही आठवत नाही गं."

एल्सीबाईंकडे नाणी परत द्यायला गेलात तेव्हा मला बरोबर नेलंत. त्यांच्या समोर म्हणालात, "माय मिस्टेक." तेवढं इंग्रजी मला कळतं. एल्सीबाई रागावल्या नाहीत. चहा दिला, आणि म्हणाल्या, माझ्या आजीच्या हाती लागली असती तर तिनेही घासूनच काढली असती. तुम्ही मला ते मराठीत सांगितलंत. एल्सीबाई माझ्याकडे बघत होत्या. माझ्या हातांकडे. मी कपात बघत राहिले.

तिथून तुमचं सगळं बदललं. स्टोव्ह बंद केला का म्हणून चार वेळा बघायचात. फ्रिजवर चिठ्ठ्या लावायला लागलात. गाडीची चावी, औषधं, सगळं लिहून ठेवायचं. डॉक्टरने दोनदा तपासलं, म्हणाला, काही नाही, या वयात सगळेच विसरतात. तुमचा विश्वास बसला नाही. तुम्ही म्हणायचात, चिंच कालवली, अकरा नाणी घासली आणि त्यातलं काहीच आठवत नाही, हे साधं विसरणं नाही. पुस्तकाचे कागद बांधून ठेवलेत. म्हणालात, "ज्याला स्वतःच्या हाताचं आठवत नाही, त्याने चारशे वर्षांपूर्वीचं काय सांगावं?"

मग ते साल आलं, अमेरिकेतल्या बँका पडल्या ते. टीव्हीवर रोज तेच. रेडिओवाल्यांचा फोन आला, युनिव्हर्सिटीचा आला, मंडळाचा तर तीनदा आला. सर, हे काय चाललंय, समजावून सांगा. अख्ख्या जन्माचा अभ्यास त्या एका दिवसासाठी होता. तुम्ही सगळ्यांना नाही म्हणालात. "चुकून काही भलतंच बोलेन," म्हणालात. आणि संध्याकाळी किचनमध्ये मला एकटीला सगळं सांगितलंत, डच पेढीपासून आजच्या बँकांपर्यंत, एक नाव न चुकता, कागद न बघता. मी पोळ्या लाटत होते. तेव्हा तरी सांगायचं होतं. मी म्हटलं, "जेवून घ्या, गार होतंय."

का नाही सांगितलं? तुम्ही हाकलून द्याल अशी भीती नव्हती. तुम्ही हसला असतात, दोन दिवस रुसला असतात, आणि पुन्हा खुर्ची टाकून बसला असतात. पण मग ती रुपयाची गोष्ट तुम्हाला कोणाला सांगता आली नसती. एवढंच होतं. मला ती गोष्ट हवी होती. जी बाई खोटा रुपया पुढे सरकवत नाही, ती मी. तिला सांभाळायला मी तुम्हाला तुमच्याच डोक्यावर शंका घ्यायला लावली.

हॉस्पिटलमध्ये चार दिवस होतात. शुद्धीत होतात, बोलत होतात. चार दुपारी आपण दोघंच होतो. मी संत्र्याच्या फोडी सोलत होते, एकेका फोडीचा दोरा काढत होते. चौथ्या दुपारी तुम्ही म्हणालात, "वहिनी, ती नाणी. कितीही आठवलं तरी धुतल्याचं आठवत नाही." मी तुमच्या तोंडात फोड घातली. तुम्ही खाल्लीत.

तुमची खोकी आता सुनंदाच्या बेसमेंटमध्ये आहेत. काल खाली गेले. एका गोळ्यांच्या डबीत तो रुपया निघाला, कापसात गुंडाळलेला. वर आणला आणि तिच्या दगडी काऊंटरवर वाजवून बघितला. अजून बद्दच वाजतो. तुम्ही दुनियेची नाणी तपासलीत, भाऊजी. माझा शब्द तेवढा कधी वाजवून घेतला नाहीत.

आपला वाद मीच जिंकले. पाप देणाऱ्याचंच. तुम्ही असतात तर माझी बाजू घेऊन माझ्याशी भांडला असतात, हे मला माहीत आहे. ती सूटही मी घेणार नाही.

एल्सीबाईंना इंग्रजीत पत्र लिहून घ्यायचं आहे, म्हणजे आज संध्याकाळी सुनंदाला सांगावं लागेल. सांगेन. पुस्तकाचे कागद युनिव्हर्सिटीला द्यायला सांगणार आहे. त्यात माझं नाव घातलं असेल तर खोडावं, आणि चिंचेचं तेवढं राहू द्यावं. आणि मंडळातल्या लोकांनो, हे काटछाट न करता छापा. सभेत जे बोलले त्यांचा दोष नाही. त्यांना सरांनी सांगितलं तेच त्यांनी धरलं, आणि सरांनी मी सांगितलं ते धरलं.

तुम्हाला आठवत नव्हतं, भाऊजी. आठवणार कुठून? तुम्ही धुतलीच नव्हतीत. मी धुतली.